घोट दाट होईपर्यंत

तिला खरं म्हणजे तारे हवे होते. पदवीनंतर काही वर्षं तिने चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या, आणि एक दिवस घरी येऊन जाहीर केलं की आता पुढे शिकणार. विद्यापीठाच्या अर्जात पहिली पसंती तिने खगोलभौतिकीची लिहिली. दुसरीही तीच लिहिली असती, पण तसं चालत नव्हतं. ताऱ्यांच्या गटातल्या जागा तिच्याआधीच भरल्या आणि तिच्या पदरात पडलं सॉफ्ट मॅटर, म्हणजे मऊ पदार्थांचं भौतिकशास्त्र.

विभागाचा कारकून म्हणाला, "तळघरात जा. जिन्याखालून डावीकडे. साबणाचा वास आला की थांबा."

घरी सांगितलं तेव्हा बाबा खिडकीत बसून बूट पुसत होते. त्यांनी आयुष्यभर शहराची बस चालवली होती. निवृत्त झाले तरी सकाळी बूट पुसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

"म्हणजे नेमकं काय शिकणार तू?"

"शाम्पू, टूथपेस्ट, जेली, फेस, रक्त. जे धड घन नाही आणि धड द्रवही नाही, ते सगळं."

"धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही," बाबा म्हणाले. "आमच्या डेपो मॅनेजरसारखं."

आई हसली. तीही हसली, पण मनातून खट्टू झाली होती. वर्गातली मुलं तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी सगळे तिला ताई म्हणायला लागले आणि ताई म्हटलं की आपोआप मागच्या बाकावर जागा मिळते, तशी ती मिळाली.

विषय शिकवणाऱ्या मॅडम उंचीने बेताच्या होत्या, आवाजाने नव्हत्या. त्या आल्या त्या सॉसची बाटली घेऊन. झाकण काढलं, बाटली उलटी धरली. काहीच पडलं नाही. मग दोन थपडा मारल्या, तर भळ्कन निम्मा सॉस टेबलावर.

"हे घन की द्रव?"

ताई मागून म्हणाली, "द्रव. फक्त जरा जाड."

"मग आधी का नाही पडला?"

"जाड आहे म्हणून हळू पडणार."

"किती हळू? उद्यापर्यंत थांबू? परवापर्यंत?" मॅडमनी दुसरी बाटली उलटी करून कपाटावर ठेवून दिली. "बघत राहा."

आठवडाभर ती बाटली तशीच राहिली. थेंबही पडला नाही. रोज तासाला येताना ताईची नजर तिकडे जाई आणि दर वेळी तिला आपल्याच ठाम आवाजाची लाज वाटे. पण लाजेपेक्षा उत्सुकता मोठी निघाली. पुढच्या तासाला मॅडमनी सांगितलं की काही पदार्थ एका मर्यादेपर्यंत ढकलले तर जागचे हलत नाहीत आणि ती मर्यादा ओलांडली की वाहायला लागतात. घन की द्रव, हा प्रश्नच अपुरा आहे. किती जोराने ढकलता आणि किती वेळ बघता, हेही विचारायला लागतं. ताईला त्या दिवशी घरी जाताना दाढीचा फेस, रंगाचा डबा, भिजलेली माती, सगळंच नव्याने दिसायला लागलं. तारे मागे पडले. कधी पडले ते तिलाही कळलं नाही.

प्रकल्पासाठी मॅडमनी तिला एक पारदर्शक जेल दिलं आणि एकच प्रश्न: हे नेमकं किती ताणाला वाहायला लागतं? मोजायचं यंत्र होतं रिओमीटर. दोन गोल चकत्या, मध्ये चमचाभर जेल, वरची चकती हळूहळू फिरवायची आणि जेल किती विरोध करतं ते बघायचं. ऐकायला सोपं. पण सोमवारी आलेला आकडा मंगळवारी येईना, मंगळवारचा बुधवारी येईना. शेजारच्या टेबलावर साबणाच्या फेसावर काम करणारा एक उंच मुलगा होता. सगळे त्याला बुडबुडा म्हणत. तो म्हणाला, "ताई, सरासरी काढ आणि मोकळी हो."

"तीन वेगवेगळ्या थापांची सरासरी काढली तर खरं निघतं का रे?"

तिने सरासरी काढली नाही. आधी कळलं की जेल चकतीवर कसं घातलं याचा परिणाम त्याच्यात उरतो. म्हणून आधी जोरात फिरवून त्याची जुनी घडी मोडायची, मग स्वस्थ पडू द्यायचं, मग मोजायचं. तरी आकडे हलतच होते. जुने शोधनिबंध चाळता चाळता तिला उत्तर मिळालं. गुळगुळीत चकतीवर जेल वाहत नव्हतंच, नुसतं घसरत होतं. तिने सँडपेपर गोल कापला, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने दोन्ही चकत्यांवर बसवला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा आकडा जागेवर राहिला. तिचं नाव चिकटपट्टी पडलं ते तेव्हापासून. बुडबुड्याने ते पट्टीवरून ठेवलं असं तो सांगे. बाकीचे म्हणत, स्वभावावरून.

आणि सगळं रुळावर येतंय म्हणेपर्यंत बाबांना पक्षाघाताचा झटका आला.

सकाळी बूट पुसता पुसता ब्रश हातातून गळाला. तो उचलायला वाकले आणि वर येईनात. आईने हाक मारली तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज. रुग्णवाहिका वेळेवर आली, डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवा हात गेला होता, पाय अर्धा गेला होता, बोलणं जड झालं होतं. या सगळ्याची घरच्यांनी मनाची तयारी केली. ज्याची केली नव्हती ते दुसऱ्या दिवशी समोर आलं. नर्सने चमचाभर पाणी दिलं आणि बाबांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला.

वॉर्डात गिळण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई येत. त्यांनी बाबांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून त्यांना आवंढा गिळायला लावला, पुन्हा पुन्हा. मग आई आणि ताईला बाहेर बोलावलं.

"आपण गिळतो तेव्हा श्वासनळीवर एक दार लागतं. यांचं दार लागतंय, पण उशिरा. पाणी फार चपळ असतं. दार लागायच्या आत ते आत शिरतं, फुप्फुसात जातं. म्हणून आता पाण्याला हळू करायचं."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"दाट करायचं. ही पावडर घालून. पाणी, दूध, चहा, सूप, जे काही पातळ आहे ते दाट केल्याशिवाय द्यायचं नाही. खूप दाटही नको, नाहीतर घशात चिकटून राहील."

आईने डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला. ताई मात्र त्या बाईंकडे बघतच राहिली. वर्षभर ती तळघरात जे मोजत होती, त्यावर आता तिच्या बापाचा प्रत्येक घोट अवलंबून होता.

बाबा घरी आले. मॅडमनी तिला घरी थांबायची मोकळीक दिली. फोनवर म्हणाल्या, "घर सांभाळा. पण वाचन सोडू नका. एकदा सुटलं की परत धरायला जड जातं." ताईला तेव्हा ते जरा कोरडं वाटलं.

पाण्याचं जमलं. डब्यावर लिहिलं होतं तितके चमचे घालायचे, ढवळायचं, थोडं थांबायचं. बाबा तोंड वाकडं करून घेत. पण बाबांना पाणी नको होतं, त्यांना चहा हवा होता. जन्मभर ज्या माणसाने दर फेरीनंतर चहा घेतला, तो दाट पाण्यावर किती दिवस काढणार? दूध तरी द्या, असं आईचं म्हणणं, अंगात ताकद यायला हवी.

एका दुपारी ताईने दुधात पावडर घातली. चमचे मोजून, पाण्यासारखेच. ढवळलं. पाण्याला थांबायची तितकीच थांबली. दूध फारसं दाट दिसत नव्हतं, पण मोजून घातलंय म्हणजे असेल, असं समजून तिने चमचा बाबांच्या ओठांना लावला. दुसऱ्याच घोटाला ठसका लागला. थांबेचना. संध्याकाळी अंग तापलं, सकाळी पुन्हा रुग्णालय, फुप्फुसात संसर्ग.

आई म्हणत राहिली, "मीच दुधाचा हट्ट धरला." पण चमचा कोणाच्या हातात होता ते ताईला माहीत होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिने मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, रडायचं ते घरी. दोन, हे असं का झालं ते कळल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

बाबा सावरले. घरी आल्यावर तिने या वेळी दुधात चमचाभर पावडर जास्त घातली. सुरुवातीला पातळच दिसलं म्हणून आणखी थोडी. इतक्यात दारावर कोणी आलं, त्यांच्याशी बोलून परत येईपर्यंत कपात चमचा ताठ उभा. बाबांनी कपात डोकावून बघितलं आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच एक शब्द स्पष्ट उच्चारला.

"सिमेंट."

आईला हसू आवरेना. ताई हसली नाही. कपाकडे बघत उभी राहिली. तेच दूध, तीच पावडर, आधी पातळ आणि मग सिमेंट. म्हणजे पावडर चुकत नव्हती. वेळ चुकत होता.

पुढच्या तपासणीला तिने आईच्या भाषेतल्या "घशाच्या बाईंना" गाठलं आणि सगळं सांगितलं.

"हो, दुधात वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "पाण्यात लवकर होतं, दुधात रेंगाळतं. मी घरच्यांना सांगते, जरा जास्त थांबा."

"जरा म्हणजे किती?"

"ते मी डोळ्यांनी ठरवते. हे बघा." बाईंनी सुई आणि दट्ट्या काढलेली सिरिंज घेतली, खालचं तोंड बोटाने बंद करून त्यात दाट केलेलं पाणी भरलं, मग बोट काढलं आणि थोड्या वेळाने पुन्हा लावलं. "किती खाली गेलं आणि किती उरलं, यावरून कळतं. वॉर्डात मी असं तपासते. पण चहा कोमट झाल्यावर काय होतं, दूध आणि चहा एकत्र असलं तर काय, साय काढलेलं दूध असलं तर काय, एवढं सगळं बसून मोजायला मला कोण वेळ देणार? माझ्याकडे एका सकाळी वॉर्डभर लोक असतात."

"मी मोजते," ताई म्हणाली.

"बघा हं. लोक उत्साहात म्हणतात आणि मग दिसत नाहीत."

"मी दिसेन."

तळघरात ती परतली ती थेट मॅडमच्या टेबलापाशी. प्रकल्प बदलून हवा म्हणाली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही."

"का?"

"दोन कारणं. जेलचं काम अर्ध्यावर आहे. आणि घरचं दुःख प्रयोगशाळेत आणलं की आकडे आपल्याला हवे तसे दिसायला लागतात. तुम्हाला वाटेल तुम्ही मोजताय. खरं तर तुम्ही प्रायश्चित्त घेत असाल."

ताईच्या कानाची पाळी लाल झाली. "मॅडम, सरासरी काढून मोकळं व्हायचं असतं तर मागच्या वर्षीच झाले असते. मला हवा तसा आकडा नकोय. खरा हवाय. खोटा आकडा माझ्या घरी रोज कपात जाणार आहे."

मॅडमनी उठून कपाटातून निबंधांचा एक गठ्ठा काढला आणि तिच्या हातात दिला. "आधी हे वाचा. तुम्ही पहिल्या नाही आहात."

ती वाचनालयात जाऊन बसली. जसजशी पानं उलटत गेली तसतसं तिचं अवसान गळत गेलं. दाट केलेल्या पेयांवर लोकांनी आधीच खूप काम केलं होतं. दुधात उशीर होतो हेही नोंदलेलं होतं. तिला वाटलं होतं आपल्या स्वयंपाकघरात काहीतरी नवं सापडलंय; ते जगाला कधीचंच ठाऊक होतं, फक्त तिच्या घरापर्यंत पोचलं नव्हतं. गठ्ठा परत नेऊन द्यावा आणि निमूट जेलकडे वळावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग वाटलं, पोचलं नव्हतं म्हणजे का नव्हतं? तिने पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी लोकांनी काय मोजलं नाही ते शोधत.

आठवड्याने ती मॅडमकडे गेली. "मोठा प्रश्न नाही. छोटा आहे. दुधाचा चहा, गरम केलेला, कपात ठेवून निवत जाणारा. तो हवा तितका दाट कधी होतो आणि मग किती वेळ तसाच राहतो. थंड दूध, थंड पाणी यावर बरंच आहे. निवत जाणाऱ्या चहावर मला सापडलं नाही. लोक मात्र तोच पितात."

"जेलचं काय?"

"तेही करीन. सकाळी जेल, दुपारी चहा."

मॅडमच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "एक अट. कोणत्या कपात काय आहे ते तुम्हाला कळता कामा नये. कप दुसऱ्याने भरायचे, दुसऱ्याने खुणा करायच्या. तुम्ही फक्त मोजायचं. सगळं संपल्यावर खुणा उघडायच्या."

"भरणार कोण?"

मॅडमनी शेजारच्या टेबलाकडे हाक मारली. "बुडबुडे! तुम्हाला चहा करता येतो का?"

अशी तळघरात चहाची भट्टी लागली. बुडबुडा पडद्यामागे दूध तापवी, पावडर घाली, ठरलेल्या पद्धतीने ढवळी आणि खुणेचे नमुने पडद्याखालून सरकवी. साय काढलेलं, न काढलेलं, साखरेचं, बिनसाखरेचं, नुसतं दूध, नुसतं पाणी. ती नमुना चकत्यांमध्ये घाली, यंत्राचं तापमान कपासारखंच हळूहळू उतरत जाईल असं लावी आणि बघत बसे. सुरुवातीला सगळं विस्कटलं. एकाच खुणेचे दोन नमुने एकमेकांशी जुळेनात. तिने पट्टी लावून बघितली, सँडपेपर बदलला, पण हे घसरणं नव्हतं. शेवटी तिने नमुना भिंगाखाली धरला, तर आत बारीक बारीक हवा. बुडबुडा ढवळताना इतका जीव लावून ढवळत होता की चहाचा फेस होत होता.

"तुला फेसाशिवाय काही करता येतं का रे?" ती पडद्यावरून ओरडली.

"हा आमचा घरचा धंदा आहे," तो पलीकडून म्हणाला.

ढवळायची पद्धत बदलली, वेग ठरवला, सगळं पहिल्यापासून केलं. नमुने जुळायला लागले. सकाळी जेल, दुपारी चहा, मधल्या सुट्टीत घरी फोन. शनिवारी ती सिरिंज घेऊन वॉर्डात जाई आणि घशाच्या बाईंच्या शेजारी बसून तेच नमुने त्यांच्या पद्धतीनेही तपासून घेई. पहिल्या शनिवारी बाई म्हणाल्या, "अरे, दिसलात!" पुढे म्हणायचं सोडून दिलं आणि तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवायला लागल्या.

हे सोपं नव्हतं. आईची कंबर धरली होती. बाबांना उठवायचं-बसवायचं काम ताईवर आलं. बाबा कधी चिडत, कप ढकलून देत. शब्द सापडला नाही की डाव्या हाताने गादीवर मूठ आपटत. एकदा ती फार दमून आली होती. बाबांनी दाट पाण्याचा कप तिच्या अंगावर सांडला. ती ओरडणार होती. पण अंगावरचं पाणी ओघळत नव्हतं, कुर्त्यावर तसंच थबकून हळूच खाली सरकत होतं, आणि ती नकळत त्याच्याकडे बघत राहिली. बाबाही बघत राहिले. मग त्यांनी डोळ्यांनीच विचारलं: घन की द्रव?

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली, आणि दोघंही बराच वेळ हसत राहिली.

खुणा उघडायचा दिवस आला. तिची स्वतःची अटकळ अशी होती की उशीर सायीमुळे होतो. स्निग्धांश पावडरीला पाणी पिऊ देत नसेल. तिने ते मनाशी इतकं पक्कं धरलं होतं की प्रबंधाचं ते पान जवळजवळ डोक्यात लिहून झालं होतं. बुडबुड्याने पडदा बाजूला केला, खुणा एकेक करून वाचून दाखवल्या आणि तिने आलेखावर नावं घातली. साय काढलेलं दूधही तितकंच रेंगाळलं होतं. तिची अटकळ साफ चुकली होती.

मॅडम मागे उभ्या होत्या. "वाईट वाटलं?"

"हो."

"बरं आहे. आकडे तुमचे ऐकत नाहीत, म्हणजे मोजणी नीट झाली."

बाकीचं मात्र लख्ख दिसत होतं. दुधाचा चहा पाण्याच्या तुलनेत कितीतरी उशिरा दाट होत होता. कोमट होताना दाटपणा झपकन वाढायचा, आणि मग बऱ्याच वेळाने हळूहळू तो इतका पुढे जाई की घशात अडकावा. मधे वेळेचा एक पट्टा होता, पिण्याजोगा. घाईने घातलेला जास्तीचा चमचा हा पट्टा अरुंद करून टाकी. म्हणजे लोकांनी पावडर वाढवायची नव्हती. थांबायचं होतं, आणि मग फार थांबायचं नव्हतं.

तिने ते आकडे घशाच्या बाईंकडे नेले. बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. दोन शनिवार स्वतः सिरिंजने तपासलं, वॉर्डातल्या कपांत, वॉर्डातल्या दुधाने. एका ठिकाणी फरक निघाला. वॉर्डातले कप धातूचे होते आणि चहा लवकर निवत होता. ताईने तळघरात जाऊन तेही मोजलं. मग बाई म्हणाल्या, "आता चालेल. पहिला कप तुमच्या घरी. पण मी समोर असताना."

बाबांना खुर्चीत ताठ बसवलं. आईने चहा केला, कारण चहा तिने केलेलाच हवा होता. पावडर ताईने घातली, ढवळली आणि सगळे थांबले. बाबा कपाकडे बघत होते. एकदा त्यांचा डावा हात पुढे आला. ताईने तो अलगद मागे घेतला.

"अजून नाही, बाबा."

बाईंनी सिरिंज भरली, बोट काढलं, लावलं, उजेडात धरून बघितलं आणि मान डोलावली. पहिला चमचा. बाईंची बोटं बाबांच्या गळ्यावर. गळा वर गेला, खाली आला. ठसका नाही. दुसरा चमचा. तिसरा. बाबांनी ओठ पुसले, जड जिभेने शब्द जुळवले.

"साखर... कमी."

आईने डोळे पुसत साखरेचा डबा आणला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यावरची बोटं शेवटच्या चमच्यापर्यंत काढली नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जाड भिंगांचा चष्मा लावून बसले होते. जेलच्या भागावर त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि ती बऱ्याच प्रश्नांत अडखळली. मग त्यांनी चहाचं प्रकरण उघडलं.

"यात नवीन भौतिकशास्त्र काय आहे?"

"फार नाही, सर."

मॅडमनी मान खाली घातली. परीक्षकांनी विचारलं, "मग केलंत कशाला?"

"जे माहीत होतं ते कपापर्यंत पोचत नव्हतं म्हणून. पाण्याच्या आकड्यावर लोक चहा पाजत होते. आणि माझी सायीची अटकळ खोटी ठरली, ती मी तशीच लिहिली आहे. उशीर नेमका कशाने होतो, ते मला अजून माहीत नाही. प्रथिनांमुळे असेल असं वाटतं. पण मागच्या वेळीही मला असंच काहीतरी वाटलं होतं, म्हणून आता मोजल्याशिवाय म्हणणार नाही."

परीक्षकांनी पानं उलटली. "म्हणजे पुढे करायचंय?"

"हो."

तिला श्रेणी बेताचीच मिळाली. ताऱ्यांच्या गटातल्या मुलांना तिच्याहून चांगल्या मिळाल्या. बाबा पूर्ण बरे झाले नाहीत. उजवा हात तसाच राहिला. पण घसा हळूहळू शहाणा होत गेला आणि काही महिन्यांनी बाईंनी पावडर थोडी कमी करायला परवानगी दिली. वॉर्डात आता घरी जाणाऱ्यांना चहाचं वेगळं आणि पाण्याचं वेगळं सांगतात. कोणी शोधलं ते कोणी सांगत नाही, आणि सांगायचं कारणही नाही.

ती मॅडमकडेच पीएच.डी.साठी राहिली. कपातल्या चहाचं कळलं, पण गिळताना घशात त्याचं काय होतं ते कळायला हवं होतं, आणि जिवंत माणसाच्या घशात यंत्र घालता येत नाही. म्हणून तिने घसा बनवायला घेतला. मऊ रबराच्या नळ्या, दाबायला छोटे पंप, श्वासनळीच्या जागी एक झडप. घशाच्या बाई येऊन म्हणाल्या, वळण अजून तीव्र हवं. बुडबुड्याने तोवर दुसरीकडे नोकरी धरली होती. तरी जाता जाता पंपाच्या तारा जोडून गेला.

पहिल्या दिवशी तिने पंप सुरू केला आणि दाट दुधाच्या धारा चारी बाजूंनी उडाल्या. टेबल, फरशी, तिचा कोट, सगळं माखलं. आवाज ऐकून मॅडम दारात आल्या. चपलेखाली चिकट ओल लागली तशा थबकल्या.

"कुठून गळतंय?"

"सगळीकडून."

मॅडमनी बाह्या वर सरकवल्या. "मग वरच्या जोडापासून सुरुवात करू. फडका द्या."

ताईने पंप बंद केला, एक फडका त्यांच्याकडे फेकला, दुसरा स्वतः घेतला आणि टेबलावर वाकून नळीचा वरचा जोड सोडवायला लागली.